पावछत्रीचा पावसाळा

काल दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा संजयचा फोन आला. संजय माझा धाकटा भाऊ. सोनाळ्याची शेती तो बघतो आणि मी इकडे नांदुऱ्यात औषधाचं दुकान चालवतो. पाऊसपाण्याचं काहीएक न विचारता तो म्हणाला, "दादा, वारुळावर छत्र्या निंगाल्या. अजून कळ्याच हायेत, उद्या उघडतीन. तू सकाळीच ये. आता तुह्याशिवाय सुरुवात कोन करन?"

मी हो म्हणालो, फोन ठेवला आणि घाबरलो.

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला जो बारीक अक्षराचा कागद असतो, तो अख्ख्या जगात बहुधा मी एकटाच शेवटपर्यंत वाचत असेन. त्यात काय काय होऊ शकतं याची जी यादी असते, ती वाचून झाली की त्यातलं निम्मं मला व्हायला लागतं. नदीला पूर आला की मला भीती वाटते आणि नाही आला तरी वाटते. घरचे हसतात. बायको म्हणते, तुमच्या जन्माच्या वेळी सुईण ओरडली असेल, तेव्हापासून तुम्ही दचकलेले आहात. असेलही. पण या सगळ्या भीतींमध्ये एक भीती अशी आहे की तिला कुणी हसत नाही. ती दर पावसाळ्यात छत्र्यांबरोबर उगवते.

छत्र्या म्हणजे भूछत्रं. शहरात डब्यात मिळतात ती पांढरी गुळगुळीत मशरूम नव्हेत, रानातली. सातपुड्याच्या अंगाला ढग टेकले, दोन-चार दिवस गदगदून आलं, विजा कडाडल्या की शेताच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, वारुळातून त्या वर येतात. सकाळी पाहावं तर मातीला भेगा पडलेल्या असतात आणि भेगेतून राखाडी टोक डोकावत असतं. ओढली तर तुटते. हाताने माती उकरत खाली जावं लागतं, तेव्हा कुठे तिचं लांबलचक मूळ वारुळाच्या पोटातून निघतं. त्या मातीचा वास, ओल्या पोत्याचा आणि ताज्या दळलेल्या पिठाचा मिळून असावा तसा, अजून माझ्या नाकात आहे.

आमच्या घरात ओळखायचं शास्त्र एवढंच होतं. वारुळावरची ती माणसाची, उकिरड्यावरची आणि शेणावरची ती कुत्र्याची. एवढ्यावर आमच्या पिढ्या जगल्या. आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला की आमच्या घरी मटण-मासळी बंद होते. संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन, घरी साधं जेवण. असे काही आठवडे गेले की जीभ कुरकुर करू लागते, आणि नेमक्या त्याच दिवसांत छत्र्या येतात. मग त्यांचा रस्सा करायचा, अगदी मटणाचाच मसाला घालून. भाजलेलं खोबरं, कांदा, लवंग, वरून तर्री. शेजारचे नाक वर करून विचारायचे, "काय शिजवून राह्यले बे, वर्षावासात?"

आणि मग यायचा तो घास.

आमच्याकडे रीत अशी की वर्षातल्या पहिल्या छत्र्या शिजल्या की पहिला घास घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाने घ्यायचा. बाकीच्यांची ताटं वाढलेली असतात, भाकर मोडलेली असते, पण हात मांडीवर. म्हशीची धार काढून होईपर्यंत थांबायचं. तोवर मोठ्या माणसाला काही झालं नाही, तर सगळ्यांनी जेवायचं. कुणी लिहून ठेवलेलं नाही, कुणी समजावून सांगितलेलं नाही. मला कळायला लागलं तेव्हापासून तो घास मोठी माय घ्यायची.

मोठी माय म्हणजे माझ्या वडिलांच्या मोठ्या भावाची बायको. मोठे बाबा लवकर गेले, त्यांना मूलबाळ नव्हतं. पुढे आमचे आईवडीलही गेले आणि आम्हा दोघा भावांना तिचाच आधार उरला. अंगाने काटक, आवाजाने करडी. घास घेताना तिची एक सवय होती. ताट उचलायची, आमच्याकडे पाठ करायची आणि भिंतीकडे तोंड करून बसायची. लहानपणी मला वाटायचं, ती वंदना म्हणत असेल. पण तसबिरी होत्या समोरच्या भिंतीवर. ती बसायची ती भिंत नुसती ओल धरलेली, पोपडे आलेली. मग मला वाटू लागलं की तिला खाताना आमची नजर नको असेल. माणसाच्या सवयी असतात, त्यांना फार अर्थ लावायचा नसतो, असं मी स्वतःला सांगून टाकलं.

ती तशी बसली की मी तिच्या पाठीकडे बघत राहायचो. लुगड्याखाली पाठ वरखाली होते आहे ना, एवढंच. गोठ्यातून धारेचा आवाज यायचा, आधी बादलीच्या पत्र्यावर टणटण, मग भरत जाईल तसा मऊ. तो आवाज मऊ व्हायला इतका वेळ का लागतो, असं वाटायचं. दर वर्षी मी म्हणायचो, "मोठी माय, नोको खाऊ. हे बरोबर दिसत नाही." दर वर्षी ती म्हणायची, "तुले काय बरोबर दिसते रे?" आणि दर वर्षी छत्र्या बरोबरच निघायच्या. अशाने माझ्या भीतीची किंमत मीच घालवून बसलो होतो.

एक साल मात्र वेगळं उजाडलं. त्या उन्हाळ्यात शेताकडची पांदणवाट रुंद करायला जेसीबी आला होता, त्याने धुऱ्यावरचं वारूळ सपाट करून टाकलं. पाऊस आला, विजा झाल्या, पण छत्री एक नाही. आणि नेमके त्याच साली पुष्पाला, संजयच्या बायकोला, दिवस होते. तिला काही जात नव्हतं. वरण नको, भात नको, भाकरीच्या वासाने मळमळायचं. एक दिवस मोठ्या मायने विचारलं, "खावंसं काय वाटते ते तरी सांग." पुष्पा लाजत म्हणाली, "छत्र्यायचा रस्सा." झालं. बाईमाणसाचे डोहाळे पुरे करायचे नाहीत हे मोठ्या मायच्या पुस्तकातच नव्हतं.

मी त्या रविवारी दुकान बंद ठेवून गावी गेलो होतो. स्वयंपाकघरात शिरलो तर पुष्पा विळीवर काहीतरी चिरत बसलेली आणि तिची बोटं निळी. टोपल्यात तपकिरी, जाड, बेकरीतल्या पावासारखे फुगीर गोळे होते. धुऱ्यावरच्या निलगिरीखाली निघाले म्हणे, ढिगाने. मी एक उचलून उलटा केला. आमच्या छत्रीच्या पोटाला पानं असतात, वहीच्या पानांसारखी एकाला एक लागून. याच्या पोटाला पानं नव्हतीच. तिथे पिवळा स्पंज होता, बारीक भोकाभोकांचा, दाबला की आत जाणारा. आणि जिथे माझं बोट लागलं तिथे मार बसल्यासारखा निळा-जांभळा डाग चढत गेला. मी तो गोळा टोपल्यात टाकला आणि हात साबणाने दोनदा धुतले.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"छत्र्याच हायेत," मोठी माय चुलीपुढून म्हणाली. "नवी जात दिसते. आपन पावछत्री म्हनू."

"वारुळावरच्या नाहीत ह्या."

"उकिरड्यावरच्याई नाहीत. आन् हे पाह्य, किडे लागले हायेत आतून. किडे खातात त माणसानं काऊन नाही खावं?"

आता इथे आमच्या शास्त्राची भिंत संपत होती. वारुळाची नाही म्हणून चांगली नाही, उकिरड्याची नाही म्हणून वाईट नाही. पिढ्यान्‌पिढ्या दोनच खोल्यांच्या घरात राहिलेल्या माणसांपुढे कुणी तिसरं दार उघडावं तसं झालं होतं. मी मोबाइलवर फोटो काढला. एका ॲपने एक नाव दिलं आणि खाण्याजोगी म्हणून सांगितलं. दुसऱ्यांदा फोटो काढला तर त्याच ॲपने दुसरं नाव दिलं आणि शेजारी कवटी दाखवली. मग तोच फोटो मी शैलाला पाठवला. शैला माझ्याबरोबर शिकलेली, आता कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. तिचा फोन बंद होता.

मोठ्या मायला मी कवटी दाखवली. तिने मोबाइल लांब धरून पाहिला. "दरसाली तू हेच म्हनतं," ती म्हणाली आणि तेलात मसाला टाकला. त्या वासापुढे माझं काय चालणार होतं? संजय म्हणाला, "दादा, माय घास घेईनच ना आधी. मंग कळनच." सगळ्यांचा त्या घासावर विश्वास होता. खरं सांगायचं तर माझाही होता.

ताटं वाढली. मोठ्या मायने तिचं ताट उचललं, भिंतीकडे तोंड केलं आणि घास घेतला. संजय बादली घेऊन गोठ्यात गेला. मी तिच्या पाठीकडे बघत बसलो. पत्र्यावरची टणटण, मग मऊ आवाज, मग तोही थांबला. संजय हात पुसत आला आणि भाकरीला हात घालणार तोच मोठी माय वळून न बघता म्हणाली, "थांबा अजून."

असं ती कधीच म्हणाली नव्हती. पुष्पा ताटाकडे बघत होती. रश्शावरची तर्री थिजू लागली होती. तेवढ्यात शैलाचा फोन आला.

"कुणी खाल्लं नाही ना?" हा तिचा पहिला प्रश्न. मी सगळं सांगितलं, रीतही सांगितली.  मग ती मास्तरणीच्या आवाजात सावकाश बोलू लागली. पोटाला स्पंज असतो त्या जातीला बोलेट म्हणतात. त्यात खाण्याच्या आहेत, नुसत्या कडूजहर आहेत आणि विषारीही आहेत. निळं होणं म्हणजे विष असं नाही, आणि निळं न होणं म्हणजे चांगलं असंही नाही. स्पंज लाल असेल आणि कापल्यावर निळा पडत असेल तर त्याच्या वाटेलाही जायचं नाही. पण पिवळा आहे म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. किड्याचं पोट वेगळं, आपलं वेगळं. फोटोवरून ती काही सांगणार नाही. "आणि तुमचं ते धार काढेपर्यंत थांबणं," ती म्हणाली, "त्याने काही कळत नाही रे. रानातली सगळ्यांत वाईट छत्री असते ना, ती त्या दिवशी बोलतच नाही. माणूस जेवतो, झोपतो, दुसऱ्या दिवशी त्रास सुरू होतो आणि तोवर आत यकृत निकामी झालेलं असतं. बाईंना आत्ता दवाखान्यात ने. उरलेल्या छत्र्या सोबत घे, शिजलेल्याही आणि कच्च्याही."

 त्या एका वाक्याने माझी मागची सगळी सालं बदलून गेली. लहानपणापासूनचे ते सगळे पावसाळे, ती सगळी वाढलेली ताटं, तो मऊ होत जाणारा धारेचा आवाज आणि मग सुटकेने तुटून पडणारे आम्ही. तो घास कशाचीच खात्री देत नव्हता. आम्ही नुसते वाचत आलो होतो, दर वर्षी, आपल्याला माहीत नसताना.

दवाखान्याचं नाव काढताच मोठी माय उखडली. "मले काही झालंच नाही त दवाखाना कायले?" पण बोलता बोलता तिने पोट धरलं आणि अंगणात जाऊन ओकली. मग कुणी तिला विचारत बसलं नाही. संजयने गाडी काढली. मी मागे तिला धरून बसलो, मांडीवर कच्च्या पावछत्र्यांची पिशवी. रस्त्याला दोन्ही बाजूंनी कपाशी हिरवीगार उभी होती आणि मला त्या हिरव्या रंगाचा राग येत होता.

डॉक्टरांनी तिला ठेवून घेतलं, सलाईन लावलं, रक्त तपासायला पाठवलं. मी शैलाला कळवलं. ती म्हणाली, लवकर उलटी झाली हे त्यातल्या त्यात बरं, पण टोपल्यात दुसरी एखादी जात मिसळली नव्हती हे कोण सांगेल, तेव्हा उद्याचा दिवस जाऊ दे. उद्याचा दिवस जाऊ दे, असं म्हणायला तिला सोपं होतं. मी खाटेशेजारच्या स्टुलावर बसून मोठ्या मायचे डोळे पिवळे होतात का ते बघत होतो. ट्यूबलाइटखाली सगळंच पिवळं दिसायचं. मी औषधं विकणारा माणूस. कशावर काय चालतं ते मला ठाऊक असतं, आणि काही गोष्टींवर काहीच धड चालत नाही हेही ठाऊक असतं. ज्यांना एवढं माहीत नसतं त्यांचा मला त्या दिवशी हेवा वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात चहावाला फिरत होता. पोटदुखी थांबली होती, पण शैलाच्या हिशोबाने खरा धोक्याचा दिवस आता कुठे उजाडत होता. मोठी माय भिंतीकडे तोंड करून पडली होती. तीच पाठ, तीच वरखाली होणारी. मला राहवलं नाही.

"मोठी माय, तू नेहमी अशी भिंतीकडे का वळतं?"

तिने चादर खांद्यावर ओढून घेतली. 

"मले भेव वाटत नाही, असं वाटते का तुले?" ती म्हणाली. तोंड भिंतीकडेच. "माही सासू गेली, त्या साली पह्यल्यांदा माह्याकडं घास आला. हात असा कापे का रस्सा सांडला. सगळे माह्या तोंडाकडं पाह्यून राह्यले. मनात म्हटलं, मी भ्यायली हे दिसलं त ह्यायच्या गळ्याखाली भाकर उतरन का? म्हणून मंग भिताडाकडं तोंड केलं. तवापासून तसंच."

"दर वर्षी?"

"दरसाली. तुह्यापक्षा जास्त. तू बोलून दाखवतं, तुहं बरं हाय."

मी स्टूल खाटेच्या आणखी जवळ ओढलं. मग तीच म्हणाली, "कालचं कडू होतं."

"मग थुंकली का नाहीस?"

"थुकली असती त तू तिथंच हंबरडा फोडला असता." तिचा खांदा हलला. हसली असावी. "गिळलं आन् मंग विचार करत बसली, आता पुष्पीच्या ताटातून हे काढू कसं. आस लावून बसली होती पोरगी. तेवढ्यात तुहा फोन वाजला. बरं झालं."

तो दिवस गेला, त्याच्या पुढचाही गेला. रक्ताचे रिपोर्ट ठीक आले. घरी आल्यावर तिने पावछत्र्यांचा रस्सा आम्ही कुठे टाकला ते विचारलं, आम्ही खड्डा करून पुरला होता ती जागा स्वतः जाऊन पाहिली आणि त्यावर एक दगड ठेवला. पुष्पाचे डोहाळे चिंचेवर भागले. तिची मुलगी आता शाळेत जाते आणि तिला छत्र्यांचा वासही आवडत नाही.

पुढच्या काही वर्षांत बांधाच्या वरच्या अंगाला नवं वारूळ उभं राहिलं. छत्र्या परत येऊ लागल्या. धार काढेपर्यंत थांबणं कशाच्याच कामाचं नाही हे मी सगळ्यांना सांगितलं होतं, सगळ्यांनी ऐकलंही होतं, तरी पहिल्या छत्र्या शिजल्या की मोठी माय ताट उचलायचीच. "मोठी कोन हाय?" एवढंच विचारायची. म्हैस विकून टाकली तरी आम्ही म्हशीच्या धारेएवढं थांबायचो. मी आता तिच्या पाठीकडे बघत नसे. मला ती पाठ बोलताना ऐकू यायची.

या उन्हाळ्यात मोठी माय गेली. छत्रीने नाही, कशानेच नाही. वय झालं होतं, सकाळी उठली नाही. पुण्यानुमोदन झालं, गर्दी ओसरली, आणि नंतर कधीतरी दुकानात खोकी लावता लावता माझ्या लक्षात आलं की आता घरात सगळ्यांत मोठा मी आहे. हातातलं खोकं मी खाली ठेवलं. पावसाळा यायला अजून वेळ होता, तरी मी त्याच दिवसापासून घाबरायला लागलो.

आज सकाळी सोनाळ्याला पोचलो तो थेट शेतात गेलो. पुष्पा उपटायला लागली होती, तिला थांबवलं. एकेक छत्री मी स्वतः उकरली, मूळ वारुळाच्या पोटात जातं आहे हे बोटांनी चाचपून पाहिलं, मगच टोपलीत टाकली. टोपलीत तिने आधीच टाकलेली एक बिनमुळाची निघाली. ती चांगलीही असेल. मी ती पुरून टाकली. "दादा, अशानं संध्याकाळ व्हईन," संजय म्हणाला. होऊ दे म्हटलं.

परत येताना निलगिरीखाली पावछत्र्या दिसल्या. तशाच फुगीर, तपकिरी, वर पावसाचे थेंब. दिसायला काय देखण्या असतात. मी काडीने एक उलटवली, स्पंजावर काडी टेकवली आणि निळा डाग चढेपर्यंत उभा राहिलो. तिच्याविषयी आजही मला काही माहीत नाही. कदाचित शैलाने ती हातात घेऊन, कापून, तपासून नाव सांगितलं असतं. पण जिचं नाव आपल्याला खात्रीने येत नाही ती आपल्या चुलीवर येणार नाही, एवढं एक तिसरं कलम आमच्या शास्त्रात आता आहे. त्याची किंमत मोठ्या मायने भरलेली आहे.

दुपारी रस्सा झाला. घरभर तोच वास. पुष्पाने ताटं वाढली, भाकर मोडून झाली, हात मांड्यांवर गेले. मी सांगितलं, "मी आज खातो. तुम्ही उद्या."

सगळे हसले. मग मी हसत नाही हे त्यांच्या लक्षात आलं. "आज आमी काय खावं मंग?" संजयने विचारलं. पिठलं खा म्हटलं. पुष्पा मुकाट्याने उठली आणि तिने वाट्या उचलल्या. माझी तेवढी राहू दिली.

या छत्र्या मला माहीत आहेत. एकेकीचं मूळ मी या हातांनी चाचपलेलं आहे. त्यांत भिण्यासारखं काही नाही, हे मी कुणालाही पटवून देऊ शकलो असतो. पण भाकरीचा तुकडा रश्शात बुडवला आणि तर्रीवर बारीक लाटा उठल्या. मी हात थांबवायला बघितलं, तो थांबेना. वर पाहिलं तर सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

"दादा," संजय हळूच म्हणाला, "भेव वाटून राह्यलं का?"

"छ्या," मी म्हणालो. आणि ताट उचलून भिंतीकडे तोंड करून बसलो.